उद्याचा चेंडू

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात हिरामणचं घर कुणीही दाखवील. टेनिसच्या अंपायरची उंच खुर्ची अंगणात असलेलं घर अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरं कुठलं सापडणार? सात पायऱ्यांची सागवानी खुर्ची, हातावर पेन्सिल ठेवायला कोरलेली खाच, आणि दुपारचं जेवण झालं की तिच्यावर डोळे मिटून बसलेला हिरामण. खाली जांभळाच्या झाडाशी दगडी रूळ. पडवीत जाळी ताणायचे पितळी हँडलवाले दोन खांब, चेंडूंचे पत्र्याचे डबे, काचेच्या फ्रेमीत पिवळा पडलेला एक फोटो. आणि गंमत बघा, हा एवढा पसारा ज्याने जमवला त्याने साठी जवळ येईपर्यंत टेनिसचा एक चेंडू मारलेला नव्हता. एकसुद्धा नाही! लोकांना वाटायचं, वेड लागलंय. वेड होतंच, कोण नाही म्हणतो? पण त्यात एक गोष्ट अगदी शुद्धीवरची होती. हिरामणचा पहिला चेंडू एका माणसाकडे राहिला होता आणि तो त्याच माणसाने टाकायला हवा होता.

हिरामण मूळचा पेणकडचा, खाडीकाठच्या मिठागरांतला. त्याचा बाप नाथा म्हणजे मिठागराचा तळ तुडवण्यात एक नंबर. मीठ पांढरं यावं तर तळ घट्ट हवा, त्यात चिमूटभर माती सुटता कामा नये. त्यासाठी ओला चिखल अनवाणी पायांनी तुडवायचा, पावलाला पाऊल लावत, आडवा, दिवस दिवस. मग लाकडी चोपण्याने चोपायचा. मग खारं पाणी शिंपायचं. आणि शेवटी भिजलेलं गोणपाट दोन हातांत धरून उलटं उलटं चालत मागे यायचं, म्हणजे आपलीच पावलं आपण पुसत निघायचं. एकदा का ते गोणपाट फिरलं की तळ वाळेस्तोवर त्यावर पाय टाकायचा नाही. मालक असो, देव असो, कुणी नाही. एक पाऊल उमटलं तर त्या पावलाची माती सगळा हंगाम मिठात येत राहते. हे हिरामणला चालायला लागल्यापासून माहीत.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. पेणला तेव्हा साहेब लोकांचा एक लहानसा क्लब होता, कौलारू, समोर टेनिसचं कोर्ट. कोर्ट कसलं, फुफाटाच! चैत्रात भेगा पडायच्या, चेंडू आपटला की साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर लाल धूळ. तीन वेळा नवा मुरूम टाकून झाला. शेवटी क्लबच्या शिपायाला सुचलं की आपल्या शेजारी जगातले सगळ्यात सपाट तळ करणारी माणसं राहतात, त्यांना का नाही विचारत? नाथाच्या गुडघ्यात तेव्हा वात भरला होता. त्याने पोराला धाडलं. पोरगा वीस-एकवीसचा. त्याने कोर्ट टाचेला अंगठा लावत मोजलं. लांबीला चौऱ्याण्णव पावलं, रुंदीला बत्तीस आणि वर चार बोटं. मुरमात खाडीची माती कालवली, चार दिवस तुडवलं, चोपलं, खारं पाणी पाजलं. उन्हाळा निघून गेला तरी भेग नाही की धूळ नाही. साहेब लोक खूश. हिरामणला तिथेच ठेवून घेतलं.

तिथे मालू खेळायला यायची. प्रांतसाहेबांची मुलगी, एकोणीस वर्षांची, पांढरं पातळ कमरेला घट्ट खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट. बाकीचे साहेब मार खाल्ल्यागत गप्प खेळायचे. ही मात्र प्रत्येक चेंडूनंतर मोठ्यांदा ओरडायची, "पंधरा शून्य! तीस शून्य!" रस्त्यावरून जाणारी मासळीवालीसुद्धा थांबून बघायची. हिरामण कुंपणापाशी उभा राहून चेंडू उचलून द्यायचा आणि बघायचा. नुसता बघायचा नाही, पीत असायचा. चेंडू आपल्या तळावर टप्प वाजतो, सरळ उठतो, तिच्या रॅकेटवर तांग वाजतो, पुन्हा टप्प. त्याच्या मनात यायचं, हा आवाज माझ्या पायांतून निघतोय.

एक दिवस तिने विचारलं, "हिरामण, तू रोज सकाळी या कोर्टावर फिरतोस, मग तुझं एक पाऊल कसं दिसत नाही रे?"

"पुसून निघतो, ताई."

"सगळी?"

"आमचं कामच तसं हाय. आमी पावलं ठेवली तर तुमी खेळणार कुठं?"

ती हसली नाही. कोर्टाकडे बघत म्हणाली, "हे काही बरोबर नाही." बस, एवढंच. पण त्या एवढ्या बोलण्यावर हिरामण घरी जाताना तरंगत गेला. तरणाताठा पोरगा तो, तरंगणारच.

मग तो वैशाखातला दिवस आला. सकाळीच हिरामणने अख्खं कोर्ट नव्याने सारवलं होतं, गोणपाट फिरवून झालं होतं. दुपार कलली आणि मालू आली. एकटीच, जोडीला कुणी नाही. कोर्ट बंद आहे म्हटल्यावर कुंपणाला टेकून उभी राहिली आणि एकाएकी आपली रॅकेट त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "ये. आज तू मार. मी टाकते चेंडू."

हिरामणच्या कानांत दडे बसले. हातात ती लाकडी रॅकेट, मुठीला गुंडाळलेलं चामडं तिच्या हाताने अजून ऊनऊन. समोर ओलं, गुळगुळीत, आरशागत कोर्ट. पाय उचलायचा एवढंच काम. आणि या शहाण्याने काय म्हणावं?

"आज नको, ताई. तळ ओला हाय. पाऊल उमटंल. उद्या."

"उद्या नक्की?"

"व्हय. उद्या."

आता याला काय म्हणावं तुम्हीच सांगा. दुसरा कुणी असता तर चिखल उडवत धावला असता. पण मिठागरातलं पोर ते, ओल्या तळावर पाय टाकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच येऊन बसला. सूर्य वर आला तशी मालू आली, पण पळत, चप्पल घालून, आणि फाटकाबाहेर जीप घरघरत उभी, मागे गाद्या बांधलेल्या. वडिलांची बदली. तार आली आणि लगोलग निघायचं.

"उद्या म्हणालास ना?" तिने धापा टाकत रॅकेट त्याच्या हातात दिली. "मग ही ठेव तुझ्याकडे. मी येईन आणि चेंडू टाकीन. तोवर दुसऱ्या कुणाचा चेंडू मारायचा नाही."

"नाय मारणार," हिरामण म्हणाला.

निघताना माणसं असं काहीबाही बोलतात. जीप वळणापलीकडे गेली की बोलणारा विसरतो, आणि विसरावंच. पण हिरामणने ते खरं मानलं. ती येणार. रॅकेट तोवर जिवंत राहिली पाहिजे. त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा मुद्दा एवढाच झाला.

पाच-सहा वर्षांत क्लब बंद पडला. खेळणारे साहेब बदलून गेले, नव्यांना पत्त्यांची गोडी. कोर्टाच्या जागी गोदाम उठलं. हिरामणने पाया खणताना पाहिलं, त्याने तुडवलेला तळ पहारीला दाद देत नव्हता. मजूर शिव्या घालत होते आणि हा बाजूला उभा राहून मनातल्या मनात छाती फुगवत होता. पण छाती फुगवून काय? सामान वाऱ्यावर गेलं. जो तो लागेल ते उचलून घेऊन गेला. आणि त्या संध्याकाळी हिरामणच्या मनात आलं, मालूताई आली आणि म्हणाली, कुठे टाकू चेंडू, तर? नुसती रॅकेट घेऊन काय शेतात नाचायचं? कोर्ट पाहिजे, जाळी पाहिजे, पंधरा शून्य सांगायला खुर्ची पाहिजे. तिथून तो गोळा करायला लागला.

मधे त्याचं लग्न झालं, वरसेच्या हौसाशी. सासऱ्याला मुलगा नव्हता, भाताची जमीन होती. जावई वरसेला राहायला गेला आणि पुढे रोह्याच्या एका कंपनीत लागला. पण सुट्टी आली की एसटीने पेण. आज या वाडीत, उद्या त्या पाड्यावर. आपल्याकडे कुठली वस्तू वाया जाते का हो? रूळ सापडला एका खळ्यावर. पितळी हँडलचे खांब एका गोठ्यात, त्यांना म्हशी बांधलेल्या. चेंडूंचे डबे तीन घरांत, तांदूळ मापायला. "या डब्याचं माप बरोबर असतं," एका म्हातारीने ठणकावून सांगितलं, तेव्हा हिरामणने तिला दुसरं मापटं आणून दिलं आणि तरी ती महिनाभर कुरकुरत होती. जाळी निघाली कोंबड्यांच्या खुराड्यावर, जागोजाग मुंगसाने कुरतडलेली. ती त्याने खाडीवरच्या मावशीकडून विणून घेतली. पुढे कुठल्या बंगल्याचं सामान निघालं, कुठे भंगारवाल्याकडे रॅकेट दिसली, की लोकच निरोप धाडायचे. बारा रॅकेटी झाल्या. त्यातली एक तर इतकी जुनी की तिचं डोकं वर चपटं होतं. भंगारवाला तिला पापड वाळवायचं काहीतरी समजत होता.

खुर्चीची कथा वेगळीच. ती पेणच्या अलीकडे बाबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या वालाच्या शेतात उभी होती. बाबाजी तिच्यावर बसून गोफणीने पोपट हाकलायचा.

"ही टेनिसची खुर्ची हाय, बाबाजीकाका," हिरामणने खालून सांगितलं.

"असंल," बाबाजी वरून म्हणाला. "माझ्यासाठी माळा हाय."

"हिच्यावर बसून गुण सांगतात."

"मी पन सांगतो. आज पोपट सात, मी तीन."

हिरामणने तिथेच धोतराचा काचा मारला आणि दोन दिवस खपून बाबाजीला साताठ हात उंच पक्का माळा बांधून दिला, वर पेंढ्याचं छप्पर घालून. बाबाजी नव्या माळ्यावर चढला, चहूकडे बघून आला आणि म्हणाला, "घेऊन जा तुझी खुर्ची. सावली नव्हती तिला." खुर्ची बैलगाडीतून निघाली. हिरामण तिच्यावर बसला नाही, शेजारी चालत आला. नव्या नवरीच्या गाडीबरोबर चालावं तसा.

हौसाला हे सगळं कसं वाटत असेल? ती तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ. लग्नानंतर पंधरा दिवसांत तिने विचारलंच, "ही बाई कोन, जिची रॅकेट उशाशी घेऊन झोपता?" हिरामणने सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. हौसाने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. म्हंजे सवत लाकडाची हाय. भात तरी मागनार नाय." आणि त्या दिवसापासून त्या रॅकेटचं नाव सवत पडलं.

पुढे सगळ्या रॅकेटींसाठी हिरामणने सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं. आत डांबराच्या गोळ्या. सवत मधल्या खणात, लाकडी चौकटीत चार स्क्रूंनी आवळून ठेवलेली, म्हणजे वाकायची नाही. रॅकेटला लावलेली तात मेंढीच्या आतड्याची असते, ती दमट हवेत मरते, हे त्याला कळलं होतं. कोकणातल्या पावसात काय काय वाळवणार? एका श्रावणात कंपनीने त्याला महिनाभर दुसऱ्या कारखान्यावर धाडलं. परत आला आणि कपाट उघडतो तर मधला खण मोकळा.

"सवत कुठाय गो?"

हौसाने चुलीकडे बोट केलं. चुलीवर कामट्यांची फळी टांगलेली असते ना, बी-बियाणं आणि सुकी मासळी धुरात ठेवायला? त्या फळीवर बोंबलांच्या माळांमध्ये सवत लटकत होती. काळीठिक्कर. हिरामणची तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगो, डोकं फिरलंय का तुझं? विलायती वस्तू ती! बोंबील हाय काय?"

"आतड्याची हाय, तुमीच सांगितलं. तिला पांढरी बुरशी चढली होती. आतडं काय, मासळी काय, धुरात टिकतं. माझ्या आयशीने पन्नास पावसाळे टिकवलीत."

हिरामण आठ दिवस बोलला नाही. रॅकेट पुसली, घासली, उन्हात ठेवली. काजळी निघाली नाही आणि बोंबलाचा वास तर नाहीच नाही. ती तशी कपाटात ठेवावी तर बाकीच्या अकरांना वास लागणार. मग करतो काय? रागारागाने त्याने ती परत चुलीवर टांगली. "राहा तिथंच!" म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे.

पुढच्याच पावसाळ्यात कपाटाला मागून वाळवी लागली. काचेतून काही दिसेना, सगळं जिथल्या तिथे. दार उघडलं आणि एक रॅकेट हातात घेतली तर मूठ हातात आणि बाकीचा भुगा खाली. अकराच्या अकरा. ती चपट्या डोक्याचीसुद्धा. हिरामण भिंतीला टेकून मट्कन खाली बसला आणि पोरासारखा रडला. हौसा उठली, फळीवरून सवत काढून त्याच्या मांडीवर ठेवली. हिरामणने बोटाने तात छेडली. बारीक पण सरळ आवाज आला, तांग.

"चुकलो गो," तो म्हणाला.

"व्हय," हौसा म्हणाली. "नाक पुसा आता."

एवढं होऊन तो गोळा करायचा थांबला नाही. फक्त आता घाई नव्हती. कंपनीत पाळी करताना यंत्राच्या खटक्यांत त्याला टप्प-तांग ऐकू यायचं. दुपारी खुर्चीवर बसला की जांभळाची सावली खाली हलायची आणि त्याला ओलं कोर्ट दिसायचं, बिनडागाचं, लांबच लांब. पलीकडे कुणीतरी पांढऱ्या कपड्यात उभं. चेंडू हात सोडून निघायचा आणि हळू हळू, अगदी कापूस उडावा तसा येत राहायचा. येत राहायचा. हिरामण रॅकेट मागे न्यायचा, आणि नेमका पाय उचलताना जागा व्हायचा. चाळीस वर्षं तोच चेंडू आणि तेच जागं होणं. कधी चिडून म्हणायचा, एकदा तरी येऊन पोच रे बाबा! कधी वाटायचं, न येईना का. येतोय तोवर बरं वाटतंय.

मालूची मात्र एक ओळ आली नव्हती. ती कुठे असते, आहे की नाही, काही पत्ता नाही. फोटोत तेवढी होती. पेणच्या एका भंगारवाल्याकडे सापडलेला क्लबचा फोटो, मागच्या रांगेत तोंड उघडं, बहुतेक पंधरा शून्य म्हणत असावी.

कंपनीतून हिरामण सुटला त्या वर्षी रोह्याचे कमळाकर मास्तर पसारा बघायला आले. त्यांना वर्तमानपत्रात लिहायची हौस. दोन कप चहा पिऊन गेले आणि पंधरा दिवसांत लेख छापून आला, खुर्चीच्या फोटोसकट. सवतीचीही हकिकत होती, बोंबलांसकट. हिरामणला लाज वाटली. आणि भाताची कापणी आटोपता आटोपता एक पोस्टकार्ड आलं. मास्तरांनीच वाचून दाखवलं.

"हिरामण, लेख वाचला. तुझा उद्या अजून शिल्लक आहे का? असेल तर येत्या शुक्रवारी येते. मालू."

हिरामणने कार्ड घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि शेतात चालता झाला. झोडणीसाठी दर वर्षी खळं करावं लागतंच. या वर्षी त्याने टाचेला अंगठा लावत मोजायला सुरुवात केली. चौऱ्याण्णव पावलं. बत्तीस आणि चार बोटं.

"एवढं खळं?" हौसा बांधावरून म्हणाली. "हत्ती येनार हायेत काय झोडनीला?"

"मालूताई येनार हाय."

हौसाने पदर खोचला. मग खाली उतरली आणि त्याच्या शेजारी चिखल तुडवायला लागली. दोघं तीन दिवस तुडवत होती. पाण्यात मिठाची पोतीच्या पोती पडली. बुधवारी दुपारी त्याने गोणपाट भिजवलं आणि उलटा चालत चालत सगळी पावलं पुसली, स्वतःची आणि हौसाची. जाळी बांधली. शुक्रवारपर्यंत तळ खणखणीत वाळला असता.

तो बांधावर बसून पाय धूत होता, तोच रिक्षा थांबली. रोहा पॅसेंजरने आलेली एक बाई उतरली. पांढरे केस, हातात काठी, उजवा गुडघा सुजलेला. रिक्षेतून उतरायला तिला बराच वेळ लागला. सरळ झाली, कोर्टाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून पुसतोसच का रे पावलं?"

हिरामण उठला. हातपाय चिखलाने भरलेले. "ताई, शुक्रवार म्हनला व्हता!"

"म्हटलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन परवावर आणलं, मुंबईला. आज संध्याकाळच्या गाडीने परत गेलं पाहिजे. नंतर उभी राहीन की नाही, कुणी सांगावं?" तिने कोर्टाच्या कडेला काठी टेकवली. काठीचं टोक चिखलात रुतलं. तिच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "ओलं आहे, नाही का?"

हौसा घरात गेली आणि चुलीवरून सवत घेऊन आली. मालूने ती हातात घेतली, ओळखली, आणि नाकाजवळ नेली.

"बोंबील?"

"मी टांगली व्हती," हौसा म्हणाली. "लिवलंय न्हवं त्यात."

"लिहिलंय. पण वास थोडाच छापता येतो!" मालू हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तात दाबून बघितली. "चाळीस वर्षं झाली रे. एका फटक्यात तुटेल ही. तुझ्याकडे ही एवढीच उरली ना? राहू दे. मला बघायला मिळालं, पुष्कळ झालं."

तुटणार, हे हिरामणइतकं कुणाला माहीत होतं? धुराने टिकली म्हणून काय, जुनं आतडंच ते. उद्या कुणी लांबून बघायला आलं तर काय दाखवणार? आणि तो तळ. तीन दिवसांचं काम, गोणपाट नुकतं फिरलेलं. बापाने आयुष्यात मोडला नाही तो नेम. हिरामणने हौसाकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? पुन्यांदा उद्या म्हनलात ना, तर घरात घेनार नाय."

हिरामणने रॅकेट घेतली. "आजच टाका, ताई," म्हणाला, आणि ओल्या तळावर पाय ठेवला.

पाय दोन बोटं आत गेला. थंडगार. दुसरा टाकला. मागे वळून बघितलं तर त्याची पावलं, पाचही बोटांसकट, ढळढळीत. मालू पलीकडच्या बांधावर जाऊन उभी राहिली. पिशवीतून तिने चेंडू काढला. पिवळा होता. हिरामणच्या स्वप्नात तो नेहमी पांढरा असायचा, पण असो.

तिने हात खालून झुलवून चेंडू सोडला. तो आला. हळू आला, अगदी तसाच, पण या खेपेला येतच राहिला नाही, येऊन पोचला. हिरामणने डोळे मिटले की उघडे ठेवले ते त्याला कधी आठवलं नाही. तांग! हाताला झिणझिण्या आल्या, दोन ताती तुटून कुरळ्या होऊन लोंबल्या, आणि चेंडू जाळीवरून गेला. पलीकडे पडला तो थप्प करून चिखलात बसला. उसळलाच नाही.

मग बांधावरून ती पांढऱ्या केसांची बाई दोन्ही हात वर करून शेतांवर ऐकू जाईल अशी ओरडली, "पंधरा शून्य!"

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. निघण्याआधी तुटकी रॅकेट हिरामणने तिच्यापुढे धरली, तुमची ठेव म्हणून. तिने घेतली नाही. म्हणाली, "आता तुझी झाली." आणि हिरामण गोणपाट उचलायला निघाला, सवयीने, तेव्हा तिने नुसती काठी आडवी धरली.

तळ शुक्रवारी वाळला, ठरल्याप्रमाणे. सोमवारी झोडणी लागली. हौसा खळं झाडत होती आणि प्रत्येक पावलात भात अडकत होतं, खराट्याने निघेना, बोटांनी उचलावं लागे. हिरामणला वाईट वाटलं. "बुजवतो गो," तो म्हणाला. "घटकेचं काम हाय."

हौसा कंबर सरळ करून उभी राहिली. ओळीने उमटलेल्या त्या अकरा पावलांकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "मी उचलते."